अडीच इंचांची चढाईपटू: कबड्डीच्या नाटकाचं सेट मॉडेल कसं करावं

कोकणात कबड्डीवरचं नाटक करायचं म्हणजे एक गोष्ट आधीच मनाशी धरावी लागते. समोर बसलेल्या प्रेक्षकांत असे कितीतरी जण असतात ज्यांचे गुडघे कधी ना कधी मैदानात सोललेले आहेत. भात कापून झालं की मळ्यात, देवळासमोर, शाळेच्या पटांगणात फक्की पडते आणि संध्याकाळचे सामने सुरू होतात. निदान रेषा म्हणजे चढाईला गेलेल्याने ओलांडायची रेषा, हे या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. रंगमंचावर ती रेषा चुकीच्या जागी दिसली, तर मात्र पुढचा संवाद त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. ते रेषेकडेच बघत राहतात.

म्हणून असल्या नाटकाचं नेपथ्य कागदावरच्या एका चित्रावर उभं करू नये. आधी छोटं मॉडेल करावं आणि त्यावर सगळ्यांनी मिळून भांडून घ्यावं. पुठ्ठ्यावरची चूक कटरने दुरुस्त होते. प्लायवूडवरची चूक दुरुस्त करायला पैसे लागतात आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री पैशांनीही ती होत नाही. आमच्या हौशी संस्थेने मुलींच्या कबड्डी संघावरचं दोन अंकी नाटक केलं, तेव्हा त्याचं मॉडेल माझ्याकडे होतं. नव्याने नेपथ्याकडे वळणाऱ्यांसाठी तो सगळा क्रम इथे मांडते आहे. खेळ दुसरा असला तरी रीत हीच राहील.

आधी नाट्यगृह मोजा

मॉडेलची सुरुवात टेपने होते. ज्या रंगमंचावर प्रयोग होणार तिथे स्वतः जाऊन माप घ्या. रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह, यांतल्या दोन-तीन ठिकाणी तेच नाटक न्यायचं असेल तर प्रत्येक ठिकाणचं माप वेगळं लिहून ठेवा आणि त्यातल्या सगळ्यात लहान मापावर सेट बेता. मोठ्या रंगमंचावर लहान सेट विंगा, म्हणजे बाजूचे उभे आडोसे, आत घेऊन सावरता येतो, लहान रंगमंचावर मोठा सेट बसवता येत नाही.

काय मोजायचं? दर्शनी कमानीची रुंदी आणि उंची. पडद्याच्या रेषेपासून मागच्या सायक्लोरामापर्यंतची, म्हणजे आकाश दाखवणाऱ्या मागच्या मोठ्या पडद्यापर्यंतची खोली. पडद्यापुढे किती जागा आहे. विंगेत दोन्ही बाजूंना माणूस सामान घेऊन वळू शकतो का. प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून रंगमंच किती उंच आहे आणि पहिली रांग कडेपासून किती लांब आहे. शेवटची दोन मापं नवी मुलं हमखास विसरतात आणि खेळाच्या नाटकात तीच सगळ्यात महत्त्वाची ठरतात. ती का, ते पुढे येईल. सामान आत आणायच्या दरवाज्याची रुंदीही घ्या, कारण त्यातून न जाणारी फ्रेम कितीही सुंदर असली तरी बाहेरच राहते.

कुणी दिलेल्या छापील नकाशावर भरवसा ठेवू नका. एका नाट्यगृहाच्या नकाशात खोली २८ फूट लिहिलेली होती. प्रत्यक्षात सायक्लोरामा भिंतीपासून चांगला पुढे टांगलेला होता, मागे मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या, आणि हाती लागले २४ फूट. मी आधी नकाशावरून मॉडेल सुरू केलं होतं. ते सगळं मोडून पुन्हा करावं लागलं, आठ दिवस गेले. तेव्हापासून मी टेप हातात धरल्याशिवाय पुठ्ठा कापत नाही.

पुढची सगळी उदाहरणं आमच्या त्या मापावरची आहेत: कमान ३० फूट रुंद, खोली २४ फूट, रंगमंचाची उंची साडेतीन फूट, पहिली रांग कडेपासून १० फुटांवर.

अर्धा इंच म्हणजे एक फूट

परदेशात मीटरच्या हिशेबात १:२५ हे प्रमाण नाटकाच्या मॉडेलला सर्रास वापरतात. आपल्याकडे मी १:२४ घ्यायला सांगेन, म्हणजे मॉडेलवरचा अर्धा इंच हा खरा एक फूट. याचं कारण आपला सुतार आहे. तो फूट, इंच आणि सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. या प्रमाणात मॉडेलवरचं एक सूत म्हणजे रंगमंचावरचे तीन इंच. सुतारकाकांनी फुटपट्टी मॉडेलवर ठेवली की त्यांना गुणाकाराचा कागद लागत नाही, तोंडी हिशेब होतो. सेट त्यांना बांधायचा आहे, तेव्हा भाषाही त्यांचीच असावी.

आमचा ३० बाय २४ फुटांचा रंगमंच असा १५ बाय १२ इंचांत मावतो. घरातल्या पाटावर राहील एवढा. साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंच होतो, पाच फुटांची मुलगी अडीच इंच.

अडचण एवढीच की कबड्डीचं मैदान मीटरमध्ये असतं. तेव्हा मैदानाच्या मापांसाठी एक आकडा पाठ करून ठेवा: खरा एक मीटर म्हणजे मॉडेलवर ४१.७ मिलिमीटर.

मैदान मावत नाही, मग?

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. आमचं नाटक मुलींचं, म्हणून १२ बाय ८. फुटांत ते जवळजवळ ३९ फूट ४ इंच बाय २६ फूट ३ इंच होतं. आपल्याकडे आहे ३० बाय २४. म्हणजे पूर्ण मैदान कुठल्याही दिशेने बसत नाही आणि बसवलं तरी आजूबाजूला घर, देवळाची पायरी, पाखाडी यांना जागा उरत नाही.

इथे बहुतेक नवीन नेपथ्यकार मैदान मनाला येईल तसं आखडतात. तसं करू नका. आधी नीट ठरवा की प्रेक्षकांनी मैदानाच्या कुठल्या बाजूला बसायचं.

मी काळ्या पुठ्ठ्याच्या तळावर पूर्ण मैदानाचा ५० बाय ३३.३ सेंटिमीटरचा कागद कापून ठेवला आणि तो आडवा, उभा, तिरका असा फिरवत बसले. आडवा ठेवला की एका टोकाचा संघ डावीकडे, दुसरा उजवीकडे, आणि प्रेक्षक टेनिसचा सामना बघावा तशी मान फिरवत राहणार. खेळाडूंचे चेहरे कायम बाजूने. मग कागद उभा केला आणि मध्यरेषेवर घडी घालून अर्धा भाग रंगमंचाच्या कडेखाली दुमडला. त्या क्षणी नाटक दिसायला लागलं. मागचं अर्ध मैदान रंगमंचावर, पुढचं अर्ध प्रेक्षकांत. मध्यरेषा रंगमंचाच्या कडेजवळ.

कबड्डीत मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. नाटकालाही मध्यंतर असतं. पहिल्या अंकात आपल्या मुली मागच्या अर्ध्यात उभ्या, तोंड प्रेक्षकांकडे. पकड करताना सातही जणींचे चेहरे दिसतात आणि समोरून येणारी चढाईपटू प्रेक्षकांना पाठमोरी. मध्यंतरानंतर बाजू बदलली की आपली मुलगी प्रेक्षकांच्या बाजूने चढाईला निघते. ती आपल्यातून उठून परक्या माणसांत जाते आणि जीव मुठीत धरून परत येताना तिचा चेहरा पहिल्यांदा आपल्याकडे वळतो. ही कल्पना आमच्यापैकी कुणी बसून लिहून काढली नाही, ती कागदाची घडी घालताना सापडली. मॉडेल करायचं ते याचसाठी.

पण अर्ध मैदानही ८ बाय ६ मीटर, म्हणजे २६ फूट ३ इंच रुंद आणि १९ फूट ८ इंच खोल. मध्यरेषा अगदी कडेवर ठेवणं धोक्याचं, कारण मध्यरेषेला हात लावायला झेपावणारी मुलगी वेगात असते. पुढे निदान चार-पाच फूट मोकळे हवेत. मागून विंगेतून विंगेत जायला चार फूट हवेत. तेव्हा मैदान लहान करणं आलंच. ते करताना नियम एकच पाळा: सगळी मापं एकाच पटीत कमी करा. आम्ही पाऊणपट केली.

मूळ नियमाप्रमाणे महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३ मीटरवर, तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा, अंतिम रेषा ६ मीटरवर, आणि दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रं १ मीटर रुंद. पाऊणपटीत निदान रेषा सव्वादोन मीटरवर येते, बोनस रेषा ३ मीटरवर, अंतिम रेषा साडेचार मीटरवर, आणि राखीव क्षेत्र ७५ सेंटिमीटरचं. मॉडेलवर मध्यरेषेपासून मोजा: निदान रेषा ९४ मिलिमीटर, बोनस रेषा १२५, अंतिम रेषा साधारण १८८. रुंदी २५० मिलिमीटर, त्यात दोन्हीकडे ३१-३१ मिलिमीटर राखीव क्षेत्र. रेषांची आपसातली पट सांभाळली की जाणत्या डोळ्यालाही मैदान खरं वाटतं. एखादी रेषा गाळली तर शाळेतलं पोरही ओळखतं.

पाऊणपटीच्या खाली जाऊ नका, कारण मैदान लहान होतं पण माणसं लहान होत नाहीत. निम्म्या मापावर चढाईपटू दोन ढांगांत निदान रेषेपार जाते आणि खेळातली भीतीच निघून जाते. खात्री करायची असेल तर तालमीच्या जागी पाऊणपट मैदान फक्कीने आखा, खेळणाऱ्या मुलींना बोलवा आणि दहा चढाया करून घ्या. आमच्या मुलींनी तिथेच सांगितलं की कोपरा अडवणारीला अजून हातभर जागा हवी. ती आम्ही बाजूची पायरी मागे सरकवून दिली.

आता या मैदानाखालची लाकडी पातळी. प्लायवूडचा ताव ८ बाय ४ फुटांचा येतो. रुंदीत पाच ताव, खोलीत दोन, असे दहा ताव घेतले की २० बाय १६ फूट होतात आणि आपलं १९ फूट ८ इंच बाय १४ फूट ९ इंचांचं मैदान त्यावर जवळजवळ नेमकं बसतं. एकही ताव कापावा लागत नाही. रंगमंचाच्या कडेपासून चार फूट सोडून ही पातळी सुरू करा, तिच्यावर एक फूट आत मध्यरेषा आखा, मागे चार फूट वाट उरते. २४ फुटांचा हिशेब पुरा. मॉडेलवर हा प्रत्येक ताव ४ बाय २ इंचांचा. ते दहा तुकडे वेगळे कापून चिकटवा म्हणजे सुतारकाकांना जोड कुठे येतात ते दिसतात.

एक बारकी सूचना: रंगमंचाची मधली रेषा आणि कबड्डीची मध्यरेषा यांचा घोळ होतो. पहिली प्रेक्षकांकडून मागे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे. नकाशावर दोन्हींना वेगळे रंग द्या.

सामान

फार लागत नाही. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे सनबोर्डाचे, म्हणजे हलक्या प्लास्टिकच्या फोमबोर्डाचे, उरलेले तुकडे मिळतात. ३ मिलिमीटरचा सनबोर्ड या प्रमाणात पावणेतीन-तीन इंच जाडीचा होतो, तो रंगमंचाच्या डब्याला आणि पातळीला चालतो. फ्लॅट म्हणजे सेटच्या उभ्या भिंती आणि दारं-खिडक्या यांना मात्र जाड कार्डशीट वापरा, नाहीतर भिंती किल्ल्याच्या वाटतात. पेपर कटर, त्याची भरपूर पाती, स्टीलची पट्टी, गुण्या, फेव्हिकॉल, मास्किंग टेप, पोस्टर कलर. कापताना एका दमात जोर लावू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा पातं फिरवा. थर्माकोल टाळा. स्प्रे पेंटने तो विरघळतो आणि कापल्यावर त्याच्या कडाही साफ येत नाहीत.

बाकी परसात आहे. खराट्याचा हीर घ्या, त्याची मधली दीड-दोन मिलिमीटरची बाजू म्हणजे हुबेहूब लाइटचा पाइप. दीड इंची पाइप या प्रमाणात १.६ मिलिमीटर होतो, आणि हिराइतकी सरळ, हलकी आणि फुकट वस्तू बाजारात मिळत नाही. देवळापुढच्या मांडवाचे खांब, पताकांच्या काठ्या, लाइट टांगायचे बॅटन, सगळं मी हिराचंच करते. सुंभाची एक बट सोडवली की दोर तयार.

पांढरं मॉडेल, मग रंगीत

पहिलं मॉडेल रंगवू नका. पांढऱ्या कार्डशीटचं ओबडधोबड करा, टेपने चिकटवा, दिग्दर्शकाला बोलवा आणि हलवाहलव होऊ द्या. रंग दिला की माणसं त्याचं कौतुक करतात आणि मग कुणी ते मोडायला धजत नाही. आमच्या पांढऱ्या मॉडेलमध्ये उजवीकडे आख्खं घर होतं, पडवी, ओटी, कौलं सगळं. तीन बैठकांत त्यातली फक्त पडवीची एक कड आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा उरला.

याला आपल्याकडचा मोठा दाखला आहे. दशावतारात एक लाकडी बाक असतो. तोच सिंहासन, तोच पर्वत, तोच पलंग. रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाला आणखी काही लागत नाही. मैदानाच्या सेटवरही एक बाक पुरे होतो. आमच्या सेटवर तो डाव्या बाजूला होता आणि बाद झालेल्या मुली त्यावर बसायच्या. कबड्डीत जी आधी बाद होते ती आधी जिवंत होते, म्हणून बाकावरचा क्रम म्हणजे नाटकातला ताण. कोण कितव्या जागी बसली आहे ते प्रेक्षक मोजतात. हा बाक मॉडेलवर तीन इंच लांब, म्हणजे सहा फुटांचा. त्यावर सात जणी बसत नाहीत, जेमतेम चार मावतात, आणि पाचवी बाद झाली की तिला जमिनीवर बसावं लागतं. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं.

लाल माती

रंगीत मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त वेळ जमिनीला द्या. आमच्या गोष्टीतला सामना मॅटवर नाही, मातीवर आहे. लाल रंगाची बाटली ओतून ती माती होत नाही.

जांभ्याचा एक तुकडा घ्या, चिरेखाणीजवळ किंवा कुठल्याही बांधकामाशेजारी मिळतो. तो बत्त्याने फोडा. आधी पिठाच्या चाळणीतून, मग चहाच्या गाळणीतून, आणि शेवटी जुन्या मलमलीतून चाळा. जी पूड खाली पडते ती बोटांना जवळजवळ हळदीसारखी लागते आणि तिचा रंग एक नसतो. त्यात विटकरी असतं, पिवळट असतं, मधूनच काळपट कण असतो. एवढं चाळायचं कारण प्रमाण आहे. वाळूचा एक मिलिमीटरचा कण मॉडेलवर जवळजवळ एक इंची खडीसारखा दिसतो. पातळीवर फेव्हिकॉलचा पातळ हात द्या, गाळणीतूनच पूड भुरभुरवा, वाळल्यावर पाट उभा करून टिचकी मारा म्हणजे सुटी पूड झडते. मग असाच दुसरा थर. निदान रेषेच्या आसपास आणि कोपऱ्यांत, जिथे पाय जास्त फिरतात तिथे, ओल्या बोटाने माती जराशी दाबा. तिथला रंग गडद होतो आणि मैदान वापरातलं दिसू लागतं.

आम्ही हे काम काढलं ते १५ जुलैला. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात तो कबड्डी दिन म्हणून पाळतात, आणि मुलींनीच तो मुहूर्त धरला. दिवस चांगला होता, हवा मात्र भर पावसाची. मी तळाला पुठ्ठा वापरला होता आणि फेव्हिकॉलमध्ये पाणी जास्त घातलं होतं. सकाळी पाहिलं तर पुठ्ठा भाजलेल्या पापडासारखा चारी कडांनी वर आला होता आणि माती भेगाळली होती. तेव्हा पावसाळ्यात तळाला पुठ्ठा घेऊच नका, सनबोर्ड घ्या. पुठ्ठा लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना फेव्हिकॉलचा सारखा हात द्या म्हणजे तो एकाच बाजूला ओढला जात नाही, आणि वाळेपर्यंत वर पाटा-वरवंट्यातला पाटा ठेवा. चुलीजवळ किंवा बल्बखाली घाईने वाळवू नका.

रेषा खऱ्या मैदानात तीन ते पाच सेंटिमीटर रुंद असतात, मॉडेलवर दोन मिलिमीटरपर्यंत. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून चिकटवा, ब्रशने सरळ येत नाहीत. मागच्या रेषा पुढच्यांपेक्षा किंचित रुंद ठेवा, बोनस रेषा आणि अंतिम रेषा तीन मिलिमीटरच्या. लांबून बघताना मग सगळ्या सारख्या दिसतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते: ही माती मॉडेलपुरती. खऱ्या रंगमंचावर माती टाकू नका. ती दिव्यांत उडते, कबड्डीचा दम धरणाऱ्या मुलीच्या घशात जाते, आणि पुढच्या नाटकवाल्यांना साफ करावी लागते. तिथे प्लायवर मॅट, मॅटवर ताणून बसवलेलं जाड कापड, आणि त्या कापडावर या मॉडेलवरून रंगवलेली माती. पकडीत मुलगी खरोखर पडते, तेव्हा मॅटवर काटकसर करायची नाही. रेषाही फक्कीच्या नकोत, पहिल्या पाच मिनिटांत पुसल्या जातात. पांढरं कापड शिवून घ्या किंवा रंगवा.

माणसं आधी, भिंती नंतर

मॉडेलमध्ये माणूस नसेल तर ते खोटं बोलतं. बांधकामाची बारीक तार वळवा, तिच्यावर मास्किंग टेप गुंडाळा, अडीच इंच उंची सांभाळा. आठ बाहुल्या करा: सात बचावाच्या, एक चढाईची. सगळ्या ताठ उभ्या करू नका. निदान दोघींचे हात पूर्ण पसरलेले ठेवा, कारण हात पसरलेली मुलगी जवळजवळ आपल्या उंचीएवढी रुंदी व्यापते. दोघींची साखळी केली की मॉडेलवर चार-साडेचार इंच जातात. चढाईच्या बाहुलीचा रंग वेगळा ठेवा आणि तिला चिकटवू नका. तिला हातात घेऊनच दिग्दर्शक विचार करतो. तिसऱ्या बैठकीत आमच्या दिग्दर्शकांनी ती बाहुली उचलली, निदान रेषेवर आडवी ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या अंकाचा शेवट तिथे ठरला.

पहिल्या रांगेतून पाहा

आता ती दोन विसरली जाणारी मापं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतो. आपला रंगमंच साडेतीन फूट उंच आहे. म्हणजे पहिल्या रांगेतला डोळा रंगमंचाच्या जमिनीपेक्षा फक्त तीन इंच वर. मॉडेलवर एक सूत. नाटकात घर दाखवायचं असेल तर याने फार बिघडत नाही. पण कबड्डी हा जमिनीवरचा खेळ आहे. रेषा दिसल्या नाहीत तर चढाईपटू सुटली की अडकली ते कळणारच नाही.

हे तपासायला मोबाइल पुरतो. मॉडेल टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवा, कडेपासून पाच इंचांवर म्हणजे खऱ्या दहा फुटांवर मोबाइल उभा करा. मोबाइल उलटा धरा, डोकं खाली, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग जमिनीला टेकतं. भिंगाची उंची मॉडेलच्या रंगमंचापेक्षा एक सूत वर येईल असं बघा, लागलं तर मॉडेलखाली वह्या घाला. फोटो काढा. आमच्या पहिल्या फोटोत मैदान नव्हतंच. एक लाल ओरखडा होता आणि त्यावर सात बाहुल्यांचे पाय.

यावर उपाय उताराचा. पातळीची मागची बाजू उचला. आम्ही फुटाला पाऊण इंच उतार घेतला, १६ फुटांना बरोबर १२ इंच. मॉडेलवर मागे अर्ध्या इंचाचा ठोकळा. हिशेब मांडलात तर सपाट जमिनीपेक्षा तीन इंच वर असलेला तो डोळा उताराच्या पातळीपेक्षा साडेतेरा इंच वर येतो. दुसऱ्या फोटोत चारही रेषा वेगळ्या दिसल्या. याहून जास्त उतार मी घेणार नाही. सुतारकाकांनी मॉडेलवर बोट टेकवून विचारलं होतं, "पोरी धावणार ना हो यावर? मग पायाला लागता कामा नये." त्यांचं बरोबर होतं. उतारावर घोट्यावर भार येतो, म्हणून तालमी शेवटच्या आठवड्यात नव्हे तर महिनाभर आधीपासून उतारावरच करा, आणि मॅट खालून पक्की बांधा म्हणजे ती पुढे सरकत नाही.

उतार घेऊनही रेषा बारीकच राहतात, तेव्हा राखीव क्षेत्राची माती मधल्या मैदानापेक्षा एक छटा गडद करा. रेषा नाही दिसली तरी पट्टा दिसतो.

मग कोपऱ्यातल्या खुर्च्या. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकावर मोबाइल ठेवून उजव्या विंगेत काय दिसतं ते पाहा. आमच्या त्या फोटोत विंगेत रचलेल्या खुर्च्यांची जागा सरळ दिसत होती. एक विंग फूटभर पुढे आणली.

विजेरी

प्रकाशयोजना करणाऱ्याला मॉडेल दाखवायचं ते खोली काळोखी करून. लहान विजेरीवर पिवळा जिलेटीन कागद लावा आणि वरून धरा, मग बाजूने. लाल माती प्रकाश खाते, समोरून दिवा टाकला की ती सपाट आणि काळसर दिसते. बाजूने खालच्या उंचीवरून टाकला की मुलींच्या लांब सावल्या मातीवर पडतात आणि संध्याकाळ होते. आमच्या दिवेवाल्याने त्याच बैठकीत बाजूचे दोन स्टँड वाढवून मागितले, आणि ते उभे राहायला जागा आहे का हे तिथेच मोजून झालं.

सुताराच्या हातात

मॉडेल पुरं झालं की प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने खरं माप लिहा, फूट-इंचांत. वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. मैदानाचा नकाशा वेगळ्या कागदावर काढा, त्यावर रेषांची मध्यरेषेपासूनची अंतरं घाला. सुतारकाकांना नकाशा आणि मॉडेल दोन्ही द्या.

न्यायचं कसं, तेही सांगते, कारण आमच्याकडे घाट आहेत. रंगमंचाचा डबा आणि आतलं मैदान सुटं ठेवा, मैदान खाली दोन खिळ्यांच्या टोकांवर बसेल असं करा. खिळे गंजतात, ते पितळी घ्या किंवा बांबूच्या काडीचे ठोका. दोन्ही भाग मिठाईच्या मोठ्या खोक्यात जुन्या साड्यांमध्ये गुंडाळा, आणि खोकं एसटीत मांडीवर घ्या. वर रॅकवर टाकू नका. बाहुल्या वेगळ्या डबीत, चढाईची बाहुली त्यातही कापसात. नाट्यगृहावर पोचल्यावर मॉडेल रंगमंचाच्या कडेला उघडून ठेवा. सेट लागत असताना पातळी कुठे टेकायची, बाक कुठे, विंग किती पुढे, असं कुणीही विचारलं तर फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं.